उद्यमनगरीतील शाळांना कार्यशाळा हवी

महोदय,
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्री (धातू वितळवून ओतकाम करणारे कारखाने) व मशीन शॉप हा या जिल्ह्याच्या अर्थकारणाचा कणा आहे. तरीही येथील बहुसंख्य विद्यार्थी दहावी होईपर्यंत लेथ (धातू कातण्याचे यंत्र) किंवा व्हर्निअर कॅलिपर (सूक्ष्म मोजमापाचे साधन) हाताळत नाहीत, याचे मला, एक निवृत्त गणितशिक्षक म्हणून, मनापासून दुःख होते.

ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून १०० मिलिमीटरच्या भागासाठी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा घेतात ती प्रतिकृती, साधारण १ मिलिमीटर मोठा करावा लागतो. आठवीच्या मुलाने असा पॅटर्न स्वतः लाकडात घडवला, तर शेकडेवारी, घनफळ आणि उष्णतेने होणारे प्रसरण हे तिन्ही धडे त्याला एकाच कामात उमगतील. हे स्वप्नरंजन नव्हे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम ही प्रत्यक्ष कामातून शिकवणारी संस्था सुरू केली आणि त्यातून घडलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्यातील अनेक शाळांत आठवी ते दहावीला शिकवला गेला. त्यात मुले वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम करतात आणि गावाला उपयोगी पडणाऱ्या वस्तू बनवतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावीपासून व्यवसायशिक्षणाची तरतूद केली आहे. शिक्षण विभागाने उद्योजक संघटनांना सोबत घेऊन निदान तालुक्यागणिक एक सुसज्ज कार्यशाळा उभारावी, अनुभवी मिस्त्रींना मानधनावर निदेशक नेमावे आणि मुलींनाही तेथे बरोबरीने स्थान द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर