घरकुलाचा दाखला कार्यालयांनीच एकमेकांकडून मागवावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कागदपत्रांअभावी घरकुलाचे अर्ज रखडल्याची बातमी काल वाचली. अर्जदार वेळेवर कागद देत नाहीत, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे आपण सविस्तर छापले आहे. कोणता कागद, तो असतो कोणाकडे आणि अर्जदाराला का मिळत नाही, हे बातमीदाराने विचारायला हवे होते.

माझ्या विधवा मावशीचे नाव ग्रामपंचायत असताना 'ड' यादीत, म्हणजे प्रधानमंत्री आवास ग्रामीण योजनेच्या प्रतीक्षा यादीत होते. ग्रामसभेत ते वाचले गेले तेव्हा मी हजर होतो. पुढे गावाची नगरपंचायत झाली. मावशीच्या घराच्या कुडाच्या भिंती आणि पत्र्यावर ठेवलेले दगड आहेत तसेच राहिले, पण पंचायत समितीने सांगितले, तुमचे गाव आता ग्रामीणमध्ये येत नाही, नगरपंचायतीत नव्याने अर्ज करा. केला. तिथे म्हणाले, पूर्वी लाभ घेतला नसल्याचा पंचायत समितीचा दाखला आणा.

अटीबद्दल माझी तक्रार नाही. प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये मागच्या 20 वर्षांत कोणत्याही सरकारी योजनेतून घर मिळालेले नसावे, असा नियम आहे आणि तो हवाच. एकाला दोनदा घर आणि शेजाऱ्याला एकदाही नाही, हे आम्ही इंदिरा आवासच्या काळापासून पाहत आलो. पण ही नोंद सरकारकडेच आहे ना? ग्रामीण योजनेतले लाभार्थी, त्यांचे हप्ते, घरांचे फोटो, सगळे आवाससॉफ्ट या सरकारी संगणक प्रणालीवर चढलेले असते. पंचायत समितीतल्या अभियंत्याने माझ्यासमोर यादी उघडली, मावशीचे नाव दाखवले, लाभ दिलेला नाही हेही सांगितले. लेखी मागितले तर म्हणाले, गाव आमच्या हद्दीत नाही, आमचा शिक्का चालणार नाही. नगरपंचायत सांगते, ग्रामपंचायतीचे दप्तर आमच्याकडे आले, पण त्यात घरकुलाचे रजिस्टर नव्हते. ही दोन्ही कार्यालये एकाच रस्त्यावर आहेत.

मावशीच्या पिशवीत नमुना 8 चा, म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर ग्रामपंचायतीचा गोल शिक्का म्हणून तोही परत केला. ग्रामीणमध्ये मूळ अनुदान 1 लाख 20 हजार, शहरीत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. त्यावरून एका कर्मचाऱ्याने तिला विचारले, जादा पैशासाठी इकडे आलात का? नगरपंचायत तिने मागितली नव्हती. त्या प्रश्नाने ती जी घरी आली, ती पुन्हा कार्यालयात यायला तयार नाही.

राज्याच्या घरकुल योजनांचेही तेच: रमाई आवास समाजकल्याणकडे, शबरी आदिवासी विकासकडे, मोदी आवास इतर मागास बहुजन कल्याणकडे. प्रत्येक खात्याची यादी वेगळी आणि आपण कुठल्याच यादीत लाभ घेतलेला नाही हे सिद्ध करायचे गरिबाने, मजुरी बुडवून.

जिथे जायला नको तिथे मात्र हीच माहिती मोकाट फिरते. आमच्या वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाभार्थ्यांची अख्खी यादी आली, आधार आणि बँक खात्याच्या क्रमांकांसकट. त्यानंतर दोघी-तिघींना फोन आले, हप्ता अडकलाय, ओटीपी सांगा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2023 मध्येच केला आहे. यादी कोणी बाहेर काढली याची साधी चौकशीसुद्धा झाली नाही, याची मला चीड येते.

अर्जावरच अर्जदाराची संमती घ्यावी आणि नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांनी पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांना थेट पत्र पाठवून नोंद मागवावी. उत्तराला आठवड्याची मुदत असावी. ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते तेव्हा करवसुलीची रजिस्टरे न चुकता नव्या कार्यालयात जातात, घरकुलाची प्रतीक्षा यादीही तशीच सहीनिशी ताब्यात दिली जावी. जिल्हाधिकाऱ्यांनी तसे परिपत्रक काढावे, ही विनंती.

जाता जाता आणखी एक. घरकुलाच्या सर्वेक्षणाच्या मुदतवाढीची बातमी आपल्या अंकात मुदत संपत आल्यावर, आतल्या पानावर, चार ओळींत येते. ती वेळेत आणि पहिल्या पानावर द्या. आणि बातमीदाराला एकदा आमच्याकडे पाठवा. मावशीचे सगळे कागद माझ्याकडे आहेत, तिच्या परवानगीने दाखवीन.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक