तालमीच्या पोरांनो, मे महिन्यासाठी आभार

तालमीचे सर्व खेळाडू, वस्ताद आणि कार्यकर्ते यांना,
सप्रेम नमस्कार.

तालमीचं नाव कुठं छापायचं नाही अशी तुमची सक्त ताकीद आहे, म्हणून पेठेचंही नाव लिहीत नाही. कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्या तालमी काही कमी नाहीत, ओळखणारे ओळखतील. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे, हे मी ठरवलं होतं.

माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे. तिच्या शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयार होत नाही, त्यामुळे दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. तारीख जवळ आली की ती पांढरीफटक पडते आणि शाळेचा जिना चढताना मधल्याच पायरीवर बसून राहते. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्तपेढीतून रक्त मोफत मिळतं. आमची अडचण वेगळीच होती. एप्रिल-मे आला की पिशवीच शिल्लक नसायची. कॉलेजं बंद, माणसं गावाला गेलेली, शिबिरं थंडावलेली. तिचं हिमोग्लोबिन उतरत असायचं आणि आम्ही ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन लावत बसायचो.

तुमची तालीम 26 जानेवारीला मोठं शिबिर घ्यायची. मंडप, स्पीकर, रांगा, सगळं असायचं. मग एके दिवशी तुमच्यातले दोघं दवाखान्यातल्या थॅलेसेमियाच्या वॉर्डात आले आणि आम्हा पालकांना त्यांनी विचारलं, "तुम्हाला रक्त नेमकं कधी लागतं?" मदत करणारे पुष्कळ भेटले, पण हे आधी कोणी विचारलं नव्हतं. लाल पेशी नीट साठवल्या तरी जास्तीत जास्त 42 दिवस टिकतात. जानेवारीत कितीही पिशव्या जमल्या, तरी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्या बाद होतात. तेवढं ऐकून तुम्ही परत गेलात आणि वर्षानुवर्षं चालत आलेलं शिबिर मोडून रक्त देणाऱ्यांचे आठवड्याआठवड्याचे छोटे गट पाडलेत.

त्या गटांची वही मी पाहिली आहे. निळ्या पुठ्ठ्याची, नाव, रक्तगट आणि शेवटचं रक्तदान कधी, असे रकाने आखलेली. पुरुषांनी 90 दिवसांनी, बायकांनी 120 दिवसांनीच पुन्हा रक्त द्यायचं, म्हणून प्रत्येकाची पुढची तारीख पेन्सिलीनं लिहिलेली. सामना असलेल्या आठवड्यात खेळाडूला बोलवायचं नाही, त्याच्या जागी समर्थकांनी जायचं, हाही तुमचाच नियम. एका दिवशी मंडपभर माणसं जमली की फोटो छापून येतो. दर आठवड्याला चार-पाच जण गुपचूप रक्तपेढीत जाऊन येतात, त्याचा फोटो कोणी छापत नाही. तरी तुम्ही हाच मार्ग धरलात, याचं मोल वॉर्डातल्या आम्हा सगळ्या आयांना ठाऊक आहे. गेल्या मेमध्ये आमच्यावर फोन फिरवायची वेळच आली नाही.

पैशाचंही लिहायलाच हवं. सारखं रक्त चढवल्यानं शरीरात लोह साचतं आणि ते हृदयाला, यकृताला पोखरतं. ते बाहेर काढायची गोळी रोज घ्यावी लागते. सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्यात गोळी घोळवून दिली की माझी लेक नाक दाबून ती पिते, तळाशी राहिलेला चुरा पुन्हा पाण्यात हलवून तोही पिते. शिवाय दर तीन महिन्यांनी फेरिटिनची, म्हणजे शरीरात लोह किती साचलंय ते सांगणारी तपासणी. औषधाचा पुरवठा कधी खंडित झाला की बाहेरून विकत घ्यावं लागतं आणि रोजंदारीवर जगणाऱ्या घराला ते झेपत नाही. तुम्ही सामन्यांच्या दिवशी डबे घेऊन गर्दीत फिरलात. मैदानावर ज्यांच्याशी तुमची खुन्नस, त्या तालमीच्या समर्थकांनीही डब्यात नोटा टाकल्या, हे ऐकून मला भरून आलं. जमलेल्या पैशातून कुणा एकाच्या घरी पाकीट न देता तुम्ही वॉर्डातल्या मुलांच्या तपासण्यांची आणि गोळ्यांची बिलं भागवलीत आणि पावत्या तालमीच्या फलकावर लावल्यात. त्यामुळे घेताना कुणाला मान खाली घालावी लागली नाही.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यांत मोठी वाटते. तालमीतल्या लग्नाच्या वयाच्या पोरांची तुम्ही एचबीए-2 ही, थॅलेसेमिया मायनर ओळखणारी रक्ततपासणी करून घेतलीत. थॅलेसेमिया मायनर असलेला, म्हणजे आजाराचा नुसता वाहक असलेला माणूस धडधाकट असतो, खेळतो, रक्त तपासल्याशिवाय त्याला काही कळतही नाही. पण नवरा-बायको दोघंही मायनर निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता 25 टक्के असते. ज्या पोराचा रिपोर्ट मायनर आला, त्यानं तो लपवला नाही. सगळ्यांसमोर सांगितलं, "लग्न ठरवताना पोरीचीही तपासणी करायची, एवढंच." त्या पोराच्या आईला माझा वेगळा नमस्कार सांगा.

यंदाची वही भरायला घेतली असेल. आमच्या घरातून लेकीच्या मामाचं नाव मेच्या तिसऱ्या आठवड्यात लिहा. रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे, आधीचं रक्तदान डिसेंबरातलं आहे आणि तो सकाळी नाश्ता करून वेळेवर हजर राहील.

तुमची,
वॉर्डातली एक आई