जिन्याच्या पॅसेजमध्ये मार्बलवर बसवलेल्या टाइल्सबाबत, पुन्हा एकदा

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य

विषय : सदनिका क्र. ४०२ यांनी चौथ्या मजल्याच्या सामायिक पॅसेजमध्ये व स्वतःच्या घरात जुन्या फरशीवर बसवलेल्या टाइल्स
संदर्भ : माझी यापूर्वीची पत्रे (उत्तर नाही)

महोदय,

सुरुवातीलाच सांगतो, की फरशीवर फरशी बसवण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. तोडफोड नको, धूळ नको, डेब्रिजची पोती लिफ्टमध्ये नकोत, हे मलाही कळते. ४०२ च्या शेजाऱ्यांनी जुनी फरशी फोडायला घेतली असती, तर ब्रेकरच्या आवाजाबद्दल मीच सर्वांत आधी लिहिले असते. काम कसे केले आणि कुठे केले, एवढाच माझा प्रश्न आहे. तो मी शांतपणे विचारत आलो आहे, पण समितीने माझ्या शांतपणाचा अर्थ बहुधा वेगळा घेतला.

आधी पॅसेजबद्दल. लिफ्टपासून ४०२ च्या दारापर्यंतचे मार्बल हे सोसायटीचे आहे. त्यावर या शेजाऱ्यांनी स्वतःच्या हॉलमध्ये उरलेल्या चकचकीत टाइल्स बसवून घेतल्या. 'मजल्याची शोभा वाढली' असे आपण त्या वेळी म्हणालात. शोभेबरोबर मजल्याची उंचीही वाढली, ती मी पट्टीने मोजली आहे : टाइल आणि खालचा माल मिळून १५ मिलिमीटर. खालून येताना जिन्याची शेवटची पायरी आता इतरांपेक्षा १५ मिलिमीटर उंच आहे आणि पाचव्या मजल्याकडे जाणारी पहिली पायरी तेवढीच बुटकी. जिना चढताना माणूस पायऱ्या बघत नाही. दोन पायऱ्यांत पायाला अंदाज येतो आणि पुढे तो त्याच मापाने उचलला जातो. एखादी पायरी उंच म्हणून कोणी पडत नाही, ती बाकीच्यांपेक्षा वेगळी म्हणून ठेच लागते. ५०१ च्या वहिनींना लागली. त्यांनी लेखी तक्रार केलेली नाही, पण त्यांचे म्हणणे माझ्याप्रमाणेच आहे असे धरून चालावे.

लिफ्टचेही तेच. लिफ्ट थांबते ती जुन्या मार्बलच्या पातळीला, आणि दाराबाहेर पाऊल टाकले की नवीन टाइलची कड. तिथे सिमेंटचा उतार काढून दिला होता, त्याचे टवके उडाले. व्हीलचेअर किंवा बाळाची गाडी तिथे अडते. आपण रोज लिफ्टनेच ये-जा करता, तरी हे आपल्या नजरेला कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते.

आता कामाच्या पद्धतीबद्दल. पॉलिश केलेले मार्बल पाणी जवळजवळ शोषत नाही. वर बसवलेली व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइलही शोषत नाही, तिचे शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असते. साधे सिमेंट धरते ते पृष्ठभागाच्या छिद्रांत शिरून, आणि इथे दोन्हीकडे छिद्रेच नाहीत. म्हणून मार्बल आधी घासून खरबरीत करायचे, मेण-तेलाचा थर काढायचा, प्राइमर मारायचा आणि पॉलिमर मिसळलेले टाइल अ‍ॅडहेसिव्ह दातेरी थापीने सगळीकडे पसरायचे, अशी रीत आहे. टाइलच्या पाठीवरची पांढरी भुकटीसुद्धा पुसून घ्यावी लागते. त्याही आधी जुनी लादी ठोकून बघायची. जी पोकळ वाजेल ती काढायची, कारण खालचीच सुटलेली असेल तर वरची कशाच्या जोरावर टिकणार? प्रत्यक्षात मिस्त्रींनी झाडू फिरवला, चार कोपऱ्यांत मालाचे चार गोळे आणि मध्ये एक ठेवला आणि वरून टाइल दाबली. मी तिथेच उभा होतो. मी सूचना केली तेव्हा 'काका, तुम्ही घरात जा' असे उत्तर मिळाले.

आज त्यातल्या निम्म्याहून जास्त टाइल्स पोकळ वाजतात. मी काठीने ठोकून खात्री केली आहे. हे मी रात्री केले अशी उलट तक्रार आपल्याकडे आल्याचे कळते. दिवसा लिफ्टच्या आवाजात फरक नीट ऐकू येत नाही, म्हणून रात्री केले. त्या तक्रारीवर मला दुसऱ्याच दिवशी फोन आला, ही तत्परता नोंदवून ठेवतो.

घराच्या आतले काम त्यांचा खासगी प्रश्न आहे असे सचिव म्हणतात. मी त्यांच्या खालीच, ३०२ मध्ये राहतो, त्यामुळे त्यांची जमीन ही माझ्या दृष्टीने छत आहे. हॉलमध्ये तर अ‍ॅडहेसिव्हही नाही. जुन्या फरशीवर सुमारे ४० मिलिमीटर वाळू-सिमेंटचा माल आणि त्यावर १० मिलिमीटरची टाइल. हिशोब सोपा आहे : माल चौरस मीटरला साधारण ८० किलो, टाइल २० किलोच्या वर, म्हणजे १०० किलोचा कायमचा बोजा. घरातल्या खोल्यांसाठी माणसे आणि सामान मिळून वापराचा भार साधारण २०० किलो धरतात. त्यातला निम्मा नुसत्या शोभेने खाल्ला. पातळ थरात अ‍ॅडहेसिव्हवर काम केले असते तर हाच बोजा ३० किलोच्या आसपास राहिला असता. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारले होते का, असे मी विचारले, तर शेजारी हसले.

बाथरूमचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तिथे माझा तोल जातो. माझ्या छताला ओल होती, तिची तक्रार जुनी आहे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी जुन्या टाइलवर नवी टाइल बसवली आणि गळती बंद होईल असे आपल्याला सांगितले. आपण ते मानलेत. टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. टाइल्सच्या सांध्यांत भरलेल्या सिमेंटच्या ग्राउटमधून पाणी झिरपतेच, त्याला अडवणारा थर खाली लागतो, आणि तो फाटला असेल तर वरची फरशी उचलल्याशिवाय दुरुस्त होत नाही. दोन टाइल्सच्या मध्ये साठलेले पाणी आता सुकतही नाही. त्यातून नहाणीची जाळी जुन्याच पातळीवर राहिली, उंबरठा बुटका झाला आणि उतार बिघडला. ओलीचा डाग पूर्वी कोपऱ्यात होता, तो आता पंख्याच्या दिशेने निघाला आहे.

सामायिक जागेत बदल करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी लागते, असे आपल्या उपविधीत स्पष्ट आहे. त्याच पानावर पॅसेजमधील चपलांच्या रॅकबद्दलही काही लिहिले आहे, पण तो या पत्राचा विषय नाही. शिवाय माझा रॅक भिंतीला लागून आहे.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. पॅसेजमधील टाइल्स ४०२ च्या खर्चाने काढून मार्बल पूर्ववत करून द्यावे. तोपर्यंत पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लावावी, तीही त्यांच्याच खर्चाने. बाथरूमची नवी-जुनी फरशी काढून, वॉटरप्रूफिंग करून, पाणी भरून चाचणी घ्यावी आणि ती चाचणी माझ्या छताखाली उभे राहून समितीने स्वतः बघावी. हा विषय पुढील सभेत 'आयत्या वेळचे विषय' या सदरात टाकू नये, कारण त्या वेळेपर्यंत सगळे उठून गेलेले असतात. तळमजल्यावरील बहुतेक सदस्य माझ्याशी सहमत आहेत. सह्या मागितल्यास मिळतील, मी अजून मागितलेल्या नाहीत.

आपला विश्वासू,
सदनिका क्र. ३०२

ता. क. : पत्र मिळाल्याची पोच कृपया शिक्क्यासह द्यावी. मागच्या वेळी नुसते 'मिळाले' असे लिहून दिले होते. काय मिळाले, ते लिहिले नव्हते.