ताश्कंद ते खिवा, सगळ्यांना रहमत, म्हणजे उझबेक भाषेत धन्यवाद!
आम्ही सहा जण उझबेकिस्तानात ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा असा जुना रेशीम मार्ग ट्रेनने करून आलो, आणि ज्यांची नावंही विचारायची राहिली त्यांचे आभार मानायचेत. बुखाऱ्याहून निघाल्यावर किझिलकुम वाळवंटात सासूबाईंचा बीपी लो झाला, आम्ही पार घाबरलो, तर समोरच्या बर्थवरच्या आजींनी मधोमध ठसा उमटवलेला गोल नान पिशवीतून काढून तोडून हातात दिला, डब्यातली अटेंडंट ताई गरम पाणी घेऊन धावली, ग्रीन टी केला, पियाला अर्धाच भरायची, परत परत भरायची, तिकडे पाहुण्याचा मान असाच ठेवतात. भाषा एकमेकांची शून्य! आणि खिव्याला बॅगा उतरवणारी ती दोन पोरं, पैसे देऊ केले तर छातीवर हात ठेवून नुसती हसली. आजी, ताई, पोरांनो, तुमच्याच भाषेत, मनापासून रहमत.