केमिस्ट्रीची डिग्री क्रेडिटमध्ये नको, लॅबच्या तासांत मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा रिझल्ट लागला की शेजारपाजारचे पालक आमच्याकडे येतात, कारण मी लोटे एमआयडीसीत केमिकल कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची क्वालिटी तपासायच्या लॅबला आहे आणि बीएस्सी केमिस्ट्री केली की इथे चिकटता येतं हे सगळ्यांनी बघितलंय. हल्ली पहिला प्रश्न ठरलेला, बीएस्सी आता तीन वर्षांची का चार वर्षांची? उत्तर तसं सोपं आहे, पण कॉलेजवाले ते मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी असल्या अक्षरांत असं काही गुंडाळून देतात की पालक बिचारे मान डोलावतात आणि फी भरून मोकळे होतात.

तर ते असं आहे की दोन्ही चालतं. नवीन शैक्षणिक धोरणात यूजीसीने तीन वर्षांच्या डिग्रीला कमीत कमी १२० क्रेडिट (म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप) ठेवलेत, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०, आपल्या महाराष्ट्रात सेमिस्टरला २० ते २२ धरून ते १३२ आणि १७६ पर्यंत जातं. पहिल्या वर्षानंतर सोडलं तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा. चौथ्या वर्षी रिसर्चवालं ऑनर्स हवं असेल तर आधीच्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात. चार वर्षं केली की एमएस्सी एका वर्षात होते, म्हणजे पीजीपर्यंत एकूण पाचच वर्षं, त्यामुळे एक वर्ष फुकट जाईल ही भीती काढून टाका.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह म्हणून सायन्सच्या पोराला कॉमर्स नाहीतर आर्ट्सचा विषय घ्यावा लागतो, घेऊ दे की, काही बिघडत नाही. खरा घोळ आहे तो प्रॅक्टिकलचा.

प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास, दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे सेमिस्टरला ६० तास, हे झालं कागदावर. आता यातून अ‍ॅडमिशन लांबते ते दिवस वजा करा, इंटर्नल, युवा महोत्सव, निवडणुकीच्या ड्युटीवर गेलेले सर, एका ब्युरेटवर (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायच्या काचेच्या नळीवर) तिघं जण, आणि मग सांगा की एका मुलाच्या हाताला प्रत्यक्षात किती तास मिळाले. तिघांतला एक टायट्रेशन करतो, एक रीडिंग लिहितो आणि तिसरा मोबाइलवर जर्नलचा फोटो काढतो.

आमच्या वेळी मुंबई विद्यापीठात एफवायला तीन सब्जेक्ट, एसवायला दोन आणि टीवायला नुसती केमिस्ट्री. तेही काही सोन्याचं नव्हतं, ऑरगॅनिकच्या परीक्षेत ओळखायला कुठला अननोन पदार्थ येणार ते आधीच कळायची सोय असायची. पण तिसरं वर्ष अख्खं लॅबमध्ये जायचं आणि जर्नल सर्टिफाय नसेल तर परीक्षेला बसू देत नसत, त्यामुळे इच्छा असो नसो हात बसायचा.

आमच्याकडे इंटरव्ह्यूला आलेल्यांना मी एकच काम देतो, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं ०.१ नॉर्मल सोल्युशन २५० मिली बनवून दे. मध्ये एक मुलगा आला, मार्क चांगले, कॅल्क्युलेशन तोंडपाठ, साधारण दोन मिली अ‍ॅसिड लागेल हे त्याने कागद न घेता सांगितलं. मग व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क घेतला, मानेवरच्या खुणेपर्यंत अगदी डोळ्याच्या लेव्हलला धरून डिस्टिल्ड वॉटर भरलं, आणि वरून अ‍ॅसिड ओतलं. म्हणजे व्हॉल्यूम गेलं खुणेच्या वर आणि सोल्युशन गेलं बेसिनमध्ये. विचारलं तर म्हणाला, सर आम्हाला रिएजंट तयारच मिळायचे. आता यात त्या पोराला काय बोलणार?

अमेरिकेत अमेरिकन केमिकल सोसायटी केमिस्ट्रीच्या डिग्री कोर्सला मान्यता देते तेव्हा सरळ तास बघते. त्यांच्या २०१५ च्या नियमांत सुरुवातीची जनरल केमिस्ट्री सोडून पुढे ४०० तास लॅब लागायची, आणि अ‍ॅनॅलिटिकल, बायोकेमिस्ट्री, इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक, फिजिकल हे पाचही विषय झालेले पाहिजेत. त्यांची कॉलेजं श्रीमंत आहेत हे मान्य, पण तास मोजायला पैसे कुठे लागतात?

आपल्याकडे सहाव्या सेमिस्टरला ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास कंपनीत. ही खरंच चांगली गोष्ट आहे. पण पोरं लेटरहेडवर नुसता सही-शिक्का मागायला येतात आणि कंपन्याही देऊन टाकतात, कारण कोण बघतंय. एचपीएलसीसारख्या महागड्या मशीनला हात लावू द्यायचा नसेल तर निदान स्टँडर्डायझेशन, म्हणजे सोल्युशनची नेमकी स्ट्रेंग्थ काढणं, तरी करू द्या, पीएच मीटर कॅलिब्रेट करू द्या.

विद्यापीठाने मार्कशीटवर क्रेडिटच्या शेजारी प्रत्यक्ष झालेले प्रॅक्टिकलचे तास छापावेत एवढी मागणी आहे. ते होईल तेव्हा होईल, तोवर पालकांनी अ‍ॅडमिशन घेताना कँटीन आणि होस्टेल बघून झालं की लॅबमध्येही डोकवावं आणि एका बॅचला मुलं किती, ब्युरेट किती, हे तिथल्या लॅब असिस्टंटला विचारावं, प्राचार्यांना नको.

आपला,
एक क्यूसी केमिस्ट, चिपळूण