एकाच शहरातले तीन संघ

पिट्सबर्ग, पेन्सिल्वेनिया
७ डिसेंबर २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलेत, की आमच्या शहराचा बेसबॉलचा संघ वर्षानुवर्षे हरतच असेल तर मालकाला त्यातून काय मिळते, आणि लोक तरी त्याची टोपी घालून का हिंडतात. त्या वेळी घाईत मी काहीतरी उत्तर दिले, पण प्रश्न मनातून गेला नाही. इथे कोणालाही विचारले तर ठरलेले उत्तर मिळते, की शहर लहान आहे, पैसा कमी आहे, मोठ्या शहरांपुढे आपला निभाव लागणार कसा? हे उत्तर मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर कळवावे म्हणून आज लिहायला बसले आहे.

या शहराची लोकवस्ती आता जेमतेम तीन लाख आहे. पोलादाचे कारखाने १९८०च्या दशकात बंद पडले आणि माणसे कामधंद्यासाठी बाहेर गेली. तरीही इथे तीन व्यावसायिक संघ आहेत: अमेरिकन फुटबॉलचा स्टीलर्स, आइस हॉकीचा पेंग्विन्स आणि बेसबॉलचा पायरेट्स. तिघांचेही रंग काळा आणि सोनेरी, तिघांचे चाहते तेच, आणि तिकिटाचे पैसेही त्याच खिशातून जातात. असे असूनही स्टीलर्सने सहा सुपर बोल, म्हणजे फुटबॉलची अजिंक्यपदे, जिंकली आहेत आणि २००३ नंतरच्या एकाही पूर्ण हंगामात त्यांचे पराभव विजयांपेक्षा जास्त झालेले नाहीत. पेंग्विन्सकडे हॉकीच्या अजिंक्यपदाचे पाच स्टॅन्ली कप आहेत. पायरेट्सचे शेवटचे अजिंक्यपद मात्र १९७९ सालचे, आणि १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षे हा संघ जिंकला कमी आणि हरला जास्त. अमेरिकेतल्या चार मोठ्या खेळांत इतकी लांबलचक पडझड दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेली नाही. शहर लहान असल्यामुळे संघ हरत असता, तर तिन्ही हरायला हवे होते. फरक आहे तो त्या त्या खेळात पैशाची वाटणी कशी होते, याचा.

फुटबॉलवाल्यांनी ही वाटणी १९६१ मध्येच ठरवून टाकली. त्याआधी प्रत्येक संघ आपल्या सामन्यांचे दूरचित्रवाणीचे हक्क स्वतः विकत असे, त्यामुळे न्यूयॉर्कच्या संघाला भरपूर आणि विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेसारख्या गावाला किरकोळ रक्कम मिळे. पीट रोझेल त्या वेळी लीगचे नवे कमिशनर होते. सर्व संघांचे हक्क एकत्र विकावेत आणि आलेला पैसा सर्वांना सारखा वाटावा, हे त्यांनी मालकांच्या गळी उतरवले. सर्वांत जास्त नुकसान न्यूयॉर्क जायंट्सच्या मारा कुटुंबाचे होणार होते. तरीही त्यांनी होकार दिला, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. एका न्यायालयाने असा एकत्रित करार मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही असे ठरवले, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, त्याच वर्षी खास कायदा करून त्याला परवानगी दिली. ग्रीन बे हे आजही लाखभर वस्तीचे गाव आहे आणि तिथल्या संघाला एक मालकच नाही. पाच लाखांहून अधिक सामान्य भागधारक त्याचे धनी आहेत, आणि त्यांना लाभांश म्हणून एक पैसाही मिळत नाही. या रचनेमुळे तो संघ दरवर्षी आपला हिशेब जाहीर करतो आणि त्यातून लीगच्या सामाईक उत्पन्नाचा प्रत्येकाचा वाटा कळतो. अलीकडे हा वाटा वर्षाला ४० कोटी डॉलरच्या वर गेला आहे. एका संघाने खेळाडूंवर किती खर्च करावा याची कमाल मर्यादा २०२५ साठी सुमारे २८ कोटी डॉलर होती. म्हणजे एकही तिकीट विकले जाण्याआधी खेळाडूंचे सगळे वेतन निघते. अशा व्यवस्थेत गाव लहान असल्याचे कारण पुढे करण्याची सोयच उरत नाही.

हॉकीची वाट अधिक खडतर होती. पेंग्विन्स संघ १९९८ मध्ये दिवाळखोरीत निघाला. मारिओ लमियू या त्यांच्या महान खेळाडूचे वेतनाचे कोट्यवधी डॉलर थकलेले होते. त्याने त्या येण्याच्या बदल्यात संघाच्या मालकीचे भाग घेतले आणि १९९९ मध्ये तोच संघाचा मालक झाला. पुढे वेतनमर्यादेच्या वादात मालकांनी टाळेबंदी केली आणि २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला. शेवटी खेळाडूंनी २४ टक्के कपात सोसली, मर्यादा लागू झाली, आणि त्याच उन्हाळ्यात नव्या खेळाडूंच्या निवडीच्या सोडतीत पेंग्विन्सचा पहिला क्रमांक लागल्याने सिडनी क्रॉसबी हा खेळाडू आमच्या शहरात आला. त्यात नशिबाचा भाग होता, हे मान्य आहे. परंतु तो इथेच राहिला आणि २००९, २०१६ व २०१७ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली कप जिंकता आले, याचे श्रेय त्या मर्यादेलाही आहे. मोठ्या शहरांना त्याच्यासाठी वाटेल तेवढी बोली लावणे शक्यच नव्हते.

आता बेसबॉलकडे येते. इथे खेळाडूंवरच्या खर्चाला कमाल मर्यादा नाही आणि किमान मर्यादाही नाही. एका रकमेपुढे खर्च केला तर कर भरावा लागतो, इतकेच. २०२५ मध्ये ती रक्कम २४.१ कोटी डॉलर होती आणि श्रीमंत संघ तो कर भरून मोकळे होतात. उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक दूरचित्रवाणीवरून येतो आणि तो ज्याचा त्याचा. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी २०१३ मध्ये २५ वर्षांचा जो स्थानिक करार केला त्याची किंमत ८३५ कोटी डॉलर सांगितली गेली. तीन लाखांच्या शहराला असा करार कोण देणार? त्याच डॉजर्सनी शोहेई ओतानीशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला, आणि २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे जिंकली. या वर्षी त्यांचा खेळाडूंवरचा खर्च पायरेट्सच्या तिपटीहून अधिक होता. उत्पन्नाची थोडी वाटणी बेसबॉलमध्येही आहे: प्रत्येक संघाच्या निव्वळ स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के भाग एकत्र करून तो ३० संघांत सारखा वाटतात. पण उरलेले ५२ टक्के ज्याच्या त्याच्याकडे राहतात, आणि सगळी तफावत त्या उरलेल्यातच आहे.

याचा परिणाम डोळ्यांसमोर दिसतो तो पॉल स्कीन्सच्या रूपाने. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पायरेट्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. २०२४ मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि या वर्षी सर्वोत्तम पिचरचा, म्हणजे गोलंदाजाचा, साय यंग पुरस्कार एकमताने त्याला मिळाला. आमचे मैदान ॲलेगेनी नदीच्या काठावर आहे. पलीकडे शहरातल्या उंच इमारती आणि मध्ये पायरेट्सचे जुने थोर खेळाडू रोबेर्तो क्लेमेंते यांच्या नावाचा पिवळा पूल, जो सामन्याच्या दिवशी वाहनांना बंद असतो. स्कीन्स चेंडू टाकणार असेल त्या संध्याकाळी त्या पुलावरून माणसांचा लोंढा येतो. त्याने चेंडू हातात घेतला की गप्पा थांबतात, आणि फलंदाज बाद झाला की अख्खे मैदान उभे राहते. तो नसलेल्या दिवशी त्याच खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या असतात. यंदा त्याने नऊ डावांमागे सरासरी १.९७ धावा दिल्या आणि तरीही त्याच्या नावावर १० विजय व १० पराभव लागले, कारण त्याच्या बाजूने धावा काढणारे कोणी नव्हते. इतका थोर गोलंदाज आणि निम्मे पराभव! त्या संध्याकाळी मैदानातून बाहेर पडताना मन फार खिन्न होते.

बेसबॉलच्या नियमाप्रमाणे खेळाडू सहा वर्षांच्या सेवेनंतर मोकळा होतो आणि कोणत्याही संघाशी करार करू शकतो. पहिल्या काही वर्षांत त्याचे वेतन अगदी कमी असते. या वर्षी स्कीन्सचे मूळ वेतन पावणेनऊ लाख डॉलर होते. म्हणून लहान संघ सहा वर्षे पुरी होण्याआधीच खेळाडू दुसऱ्याला देऊन टाकतात आणि बदल्यात चार नवी पोरे घेतात. गेरिट कोल हाही पायरेट्सचाच पिचर, २०११ च्या ड्राफ्टमधला पहिला. जानेवारी २०१८ मध्ये पायरेट्सने त्याला ह्यूस्टनला दिले आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत न्यूयॉर्क यँकीजनी त्याच्याशी ३२.४ कोटी डॉलरचा करार केला. पायरेट्स ही अशी रोपवाटिका झाली आहे, की जिथली रोपे वाढवायची आपण आणि फळे धरायची दुसऱ्याच्या बागेत.

पण सगळा दोष नियमांवर ढकलला तर तेही खरे होणार नाही, आणि इथे मला मालकांबद्दल राग येतो. २०१० मध्ये काही संघांचे गोपनीय हिशेब बाहेर फुटले. त्यांतून कळले, की २००७ आणि २००८ या दोन वर्षांत, संघ तळाशी असताना आणि वाटणीचे पैसे घेत असताना, पायरेट्सला सुमारे २.९ कोटी डॉलर नफा झाला होता. हा पैसा तरुण खेळाडू घडवण्यावर आणि कर्जफेडीवर खर्च होतो असे संघाचे म्हणणे होते. २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने पायरेट्ससह चार संघांविरुद्ध तक्रार दाखल केली, की वाटणीचा पैसा मैदानावर दिसत नाही. मालकाला काय मिळते, हे तुम्ही विचारले होते ना, त्याचे उत्तर यात आहे: हरूनही वाटा मिळतो, खालच्या लीगमध्ये घसरण्याची भीती इथे नसते, आणि संघाची बाजारातली किंमत दरवर्षी वाढत राहते. जिंकण्यासाठी खर्च करण्याची सक्ती कुठेच नाही. आता प्रेक्षक सामन्याच्या मध्येच ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा देतात, आणि त्यांच्यावर ती वेळ आली यात मला नवल वाटत नाही.

याच लोकांनी संधी मिळाली तेव्हा काय केले, तेही सांगायला हवे. २०१३ मध्ये संघ २१ वर्षांनंतर प्रथमच प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, पोहोचला. सिनसिनाटीविरुद्धच्या त्या एका सामन्याला चाळीस हजारांहून अधिक माणसे काळे कपडे घालून आली होती. समोरचा पिचर जॉनी क्वेटो. सगळ्या मैदानाने त्याच्या आडनावाचा गजर लांबवत लांबवत सुरू केला आणि त्याच्या हातातून चेंडू निसटून खाली पडला. पुढच्याच चेंडूवर पायरेट्सच्या रसेल मार्टिनने होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट प्रेक्षकांत धाडला. इथले लोक आजही हा प्रसंग सणासारखा सांगतात. लोक टोपी का घालतात, याचे याहून वेगळे उत्तर मला माहीत नाही. २०१५ मध्ये त्याच संघाने ९८ सामने जिंकले, तरी शिकागोविरुद्धच्या एका सामन्यात गारद झाला. आणि तो गाभा टिकवण्यासाठी पैसे टाकण्याऐवजी पुढच्या दोन-तीन वर्षांत एकेक खेळाडू निघून गेला.

लहान संघ हुशारीने जिंकू शकतात, असे सांगणारे बरेच आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कॅन्सस सिटीने २०१५ मध्ये अजिंक्यपद मिळवले, आणि मिलवॉकीने या वर्षी ९७ सामने जिंकून सर्व ३० संघांत पहिला क्रमांक पटकावला. पण त्याच मिलवॉकीला डॉजर्सनी प्लेऑफमध्ये सलग चार सामन्यांत हरवले. शिवाय श्रीमंत संघाचे दहा करार फसले तरी अकरावा करण्याची त्याची ऐपत असते. लहान संघाचा एक मोठा करार फसला, तर पाच वर्षे वाया जातात. ओकलंडच्या संघाइतकी हुशारी कोणी दाखवली नसेल. २००२ मध्ये त्यांनी यँकीजच्या एक तृतीयांश खर्चात सलग २० सामने जिंकले होते. तो संघ २०२४ मध्ये ओकलंड सोडून गेला. सध्या तो सॅक्रामेंटोजवळच्या एका छोट्या मैदानावर खेळतो आणि लास वेगासमधल्या नव्या मैदानाची वाट पाहतो. ओकलंडच्या लोकांकडे आता एकही मोठा संघ राहिलेला नाही.

खेळाडूंची संघटना कमाल मर्यादेला का विरोध करते, हेही मी समजून घेतले आहे. १९७५ अखेरपर्यंत संघ खेळाडूला जन्मभर बांधून ठेवू शकत असे. कर्ट फ्लड या खेळाडूने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, १९७२ मध्ये तो हरला, आणि या लढ्यापायी त्याची कारकीर्दही संपली. १९९४ मध्ये मालकांनी मर्यादेचा आग्रह धरला तेव्हा खेळाडू संपावर गेले आणि त्या वर्षी अजिंक्यपदाची लढतच झाली नाही. ज्यांच्या आधीच्या पिढीने एवढे सोसले, त्यांनी मालकांच्या हिशेबावर डोळे झाकून विश्वास ठेवावा, असे मी म्हणणार नाही. माझे मत एवढेच आहे, की कमाल मर्यादा आणायची असेल तर तिच्याबरोबर किमान मर्यादाही आणावी, स्थानिक दूरचित्रवाणीचा पैसा फुटबॉलप्रमाणे एकत्र करावा, आणि वाटणी घेणाऱ्या प्रत्येक संघाने ग्रीन बेसारखा हिशेब लोकांपुढे ठेवावा. यातली एकच गोष्ट केली तर ती मालकांच्या फायद्याची होईल, आणि खेळाडूंची भीती खरी ठरेल.

मालक आणि खेळाडू यांच्यातला सध्याचा करार पुढच्या वर्षी १ डिसेंबरला संपतो. टाळेबंदी होईल अशी चर्चा आतापासूनच सुरू आहे, आणि काही सामने बुडाले तरी चालतील पण या वेळी वाटणीचा प्रश्न सुटावा, असे इथले कितीतरी चाहते बोलून दाखवतात. स्कीन्स २०२९ च्या हंगामानंतर मोकळा होईल. नियम तोवर बदलले नाहीत, तर त्याच्या आधी एक-दोन वर्षे त्याला कुठे धाडायचे याची बोलणी सुरू होतील, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघे इथे याल तेव्हा त्याच्या पाळीचा दिवस बघूनच मी तिकिटे काढणार आहे.

आईला साष्टांग नमस्कार. प्रकृतीस जपावे. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची लेक