मारक पेशी फुटून मरत नाहीत

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला रोगप्रतिकारशक्तीवरचा लेख वाचला आणि रात्रभर तो डोक्यातून गेला नाही. सकाळी स्वयंपाक बाजूला ठेवून हे पत्र लिहायला बसले आहे. मारक टी पेशी (रोगट पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) शत्रूला मिठी मारतात आणि त्याच्यासह स्वतःही फुटतात, असं लेखकानं लिहिलं आहे. आपण ते वाक्य उचलून चौकटीत मोठ्या अक्षरांत छापलंत. मी एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. हे वाक्य साफ चूक आहे, आणि ही चूक मला फार जवळून लागते.

मारक पेशीच्या पोटात विषाच्या बारीक कणिका असतात. विषाणूनं ग्रासलेली किंवा कर्करोगाची पेशी सापडली की ती तिला घट्ट चिकटते. मग आतल्या सगळ्या कणिका त्या एका बाजूला ओढल्या जातात आणि दोघींच्या मधल्या अरुंद फटीत रिकाम्या होतात. त्यातलं परफोरिन नावाचं प्रथिन समोरच्या पेशीच्या पटलाला भोकं पाडतं. त्या वाटेनं ग्रॅन्झाइम नावाची विकरं आत शिरतात आणि त्या पेशीतलीच मरणाची यंत्रणा सुरू करून देतात. पेशी फुटत नाही. आक्रसते, तिचे तुकडे पडतात आणि भक्षक पेशी ते गिळून टाकतात. आसपासच्या निरोगी पेशींना धक्का लागत नाही. मारणारी पेशी मात्र सुटी होऊन पुढच्या सावजाकडे जाते. एकच पेशी एकामागून एक अनेकींना मारते. तिचं सगळं कसब स्वतः जिवंत राहून, मोजकंच विष, नेमक्या जागी सोडण्यात आहे. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तर दाखवलं की या पेशी विषाच्या गोळ्याही मागे ठेवून जातात. सुमारे १२० नॅनोमीटरची गोळी, बाहेरून प्रथिनांचं कवच आणि आत परफोरिन व ग्रॅन्झाइम. पेशी निघून गेली तरी ती गोळी काम करते. स्वतः फुटून मरणारी पेशी असलं काही कशाला करेल?

लेखकाचा गोंधळ बहुधा न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीवरून झाला असावा. ती पेशी कधीकधी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकते आणि त्यात मरते. ती गोष्ट वेगळी, पेशी वेगळी. बारावीच्या मुलानं उत्तरपत्रिकेत दोन्ही एक केल्या असत्या तर मी त्याला बोलावून समजावलं असतं. इथं मात्र ते हजारो घरांत गेलं आहे.

आता मला हे इतकं का लागलं ते सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीचा पहिला मुलगा तीन महिन्यांचा असताना तापानं आजारी पडला. ताप उतरेना. पानथरी (प्लीहा) वाढत होती. डॉक्टर रोज सकाळी पोट दाबून बघायचे आणि पानथरी जिथं संपते तिथं निळ्या पेनानं रेघ ओढायचे. एवढंसं पोट, त्यावर एकाखाली एक चार रेघा. बहीण फोनवर एवढंच म्हणायची, "ताई, रेघ आज पुन्हा खाली गेली गं." प्लेटलेट उतरत होत्या, हिमोग्लोबिन उतरत होतं. आधी डेंग्यू म्हणाले, मग जंतुसंसर्ग म्हणाले, आणि शेवटी सांगितलं की बाळाची इम्युनिटी कमी आहे. इम्युनिटी वाढवायचं एक सिरपसुद्धा लिहून दिलं. एकोणिसाव्या दिवशी बाळ गेलं. त्या एकोणीस दिवसांत फेरिटिनची, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाची, रक्ततपासणी कोणीही सांगितली नाही. सासरच्यांनी बहिणीच्या दुधाला दोष दिला, तो तिनं दोन वर्षं मुकाट्यानं ऐकला.

मग मुलगी झाली. चौथ्या महिन्यात तिलाही तसाच ताप. या वेळी दुसऱ्या रुग्णालयात एका निवासी डॉक्टर मुलीनं पहिल्या बाळाचे कागद मागून घेतले, आई-वडील नात्यातले आहेत का ते विचारलं आणि त्याच संध्याकाळी फेरिटिन पाठवलं. ते मिलिलिटरला ५०० नॅनोग्रॅमच्या वर गेलं की शंका घ्यावी असं या आजाराच्या निकषांत आहे. बाळाचं १०,००० च्या पुढे निघालं. आजाराचं नाव त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं: एचएलएच, म्हणजे हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस.

या आजारात मारक पेशी असतात, सावजाला चिकटतातही. पण मारू शकत नाहीत. आणि मारता आलं नाही की त्या सुटतही नाहीत. चिकटून बसतात आणि इतर पेशींना चेतवणारं इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन सोडत राहतात. त्यानं भक्षक पेशी पेटतात आणि अस्थिमज्जेत आपल्याच रक्तपेशी खाऊ लागतात. परफोरिनच्या जनुकातल्या दोषानं हे होतं, हे १९९९ मध्ये सापडलं. पुढं असेही दोष सापडले की ज्यांत विष तयार असतं, पण कणिका पटलापर्यंत येऊन रिकाम्या होत नाहीत. म्हणजे आमच्या बाळाची प्रतिकारशक्ती कमी नव्हती. तिला थांबता येत नव्हतं, कारण मारण्याचं काम पूर्ण होत नव्हतं. अशा बाळाला प्रतिकारशक्ती वाढवायचं सिरप!

नमुना मुंबईला, परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्थेत पाठवायचा ठरला. हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त, बर्फ न लावता, त्याच दिवशी. या तपासणीला पेशी जिवंत लागतात, कारण त्या कणिका सोडतात की नाही तेच बघायचं असतं. आमच्या गावातल्या संकलन केंद्रातल्या माणसानं सवयीनं नळी बर्फात ठेवली. सांगूनही ठेवली. सगळं पुन्हा करावं लागलं. चार महिन्यांच्या बाळाची शीर दुसऱ्यांदा शोधताना मी तिचा हात धरला होता. या खेपेला नळी माझ्या मेहुण्यांनी सदऱ्याच्या खिशात घालून नेली. मिरजेहून रात्रीची गाडी, पहाटे मुंबई. अहवाल आला: परफोरिन जवळजवळ नाहीच. आई-वडील दोघांकडूनही एकेक सदोष जनुक आलेलं. दुधाचा काही संबंध नव्हता. तो कागद बहिणीनं सासूबाईंसमोर ठेवला, एक शब्द न बोलता.

उपचारात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि इटोपोसाइड दिलं. इटोपोसाइड हे कर्करोगाचं औषध. ते या बेभान टी पेशींना मरायला लावतं, म्हणजे जे मरण आतून यायला हवं होतं ते बाहेरून दिलं जातं. नंतर वडिलांच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण झालं.

आता सांगा, आपल्या लेखाचा शेवट ‘मारक पेशींचं बळ वाढवा’ असा होतो आणि त्याच्या खाली इम्युनिटीच्या काढ्याची अर्ध्या पानाची जाहिरात असते, तेव्हा ते पान हातात घेतलेल्या, तापानं फणफणलेलं बाळ मांडीवर असलेल्या आईनं काय समजायचं? लेख कुठला आणि जाहिरात कुठली हे तिला कळायला नको का? पूर्वी विज्ञानाचं पान अख्खं असायचं आणि लेखाखाली लेखकाचं नाव असायचं. आता पाव पान उरलं आहे आणि नावही नाही. शंका कोणाला विचारायची?

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. चुकीची दुरुस्ती तेवढ्याच चौकटीत, तेवढ्याच अक्षरांत छापा. आणि दुरुस्तीखाली एवढं जरूर लिहा: बाळाचा ताप उतरत नाही, पानथरी वाढते आहे, रक्तपेशी उतरत आहेत, असं दिसलं तर डॉक्टरांना फेरिटिनबद्दल विचारा. साधी रक्ततपासणी आहे ती.

भाची आता दुसरीत आहे. मोठ्या अक्षरांतलं सगळं वाचते आणि अर्थ विचारते. तिच्या आजाराबद्दल, तिच्या दादाबद्दल तिला थोडंथोडं सांगितलेलं आहे. कालची पुरवणी तिच्या हाती लागायच्या आत मी काढून ठेवली. दुरुस्ती आली की दोन्ही पानं शेजारी ठेवून तिला दाखवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज